रतामाच्या झुडपाखाली: काउन्सेलिंगची पदवी घ्यावी का?

आजचं वाचन: १ राजे १९:३-१८
सोबत वाचा: ईयोब २:११-१३, योहान १४:१६, लूक १०:३०-३५, लूक १४:२८



आपल्या तरुण संघांमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. कुणी हिंजवडीत टेस्टिंग करतंय, कुणी बँकेत आहे, कुणी नुकतंच बी.ई. झालंय, आणि मनात एकच गोष्ट घोळतेय: "मला लोकांचं ऐकायला आवडतं. मित्रमैत्रिणी मन मोकळं करायला माझ्याकडेच येतात. प्रभू मला काउन्सेलिंगसाठी बोलावतोय का? जॉब सोडून एम.ए. करू का?"

हा प्रश्न माझाही आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घराचा हप्ता चालू आहे आणि वय तिशीच्या पुढे गेलंय. आमचं मूळ गाव ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. गावी गेलं की कळतं, ऐकणाऱ्या माणसाची गरज पुण्यापेक्षा तिथे काकणभर जास्तच आहे. म्हणून आज हा विषय वचनासमोर ठेवून नीट समजून घेऊ या.

१. आधी शब्द समजून घेऊ

काउन्सेलिंगला मराठीत आपण समुपदेशन म्हणतो. या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलाय, आणि गडबड तिथूनच सुरू होते. मंडळीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना उपदेश फार ओळखीचा. समोरच्याने दुःख सांगितलं की आपल्या तोंडून वचन निघतं, मग सल्ला, मग "प्रार्थना करत राहा." पाच मिनिटांत विषय संपतो. सांगणारा मान हलवून निघून जातो आणि पुन्हा येत नाही.

आता आपल्या मराठी पवित्र शास्त्रात बघा. योहान १४:१६ मध्ये पवित्र आत्म्यासाठी जो शब्द आहे, त्याचं काही इंग्रजी भाषांतरांनी 'काउन्सेलर' केलं. आपल्याकडे तिथे 'कैवारी' आहे. मूळ ग्रीक शब्द पॅराक्लेटॉस, म्हणजे मदतीसाठी बाजूला बोलावलेला. कैवारी तुमची बाजू घेतो, तुमच्या शेजारी उभा राहतो. मला वाटतं, काउन्सेलिंगचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी ख्रिस्ती तरुणाला या शब्दापासून सुरुवात करता येईल. उपदेश करायला आपल्याला आधीपासून येतो. पदवीच्या दोन वर्षांत शिकायचा असतो तो कैवार.

२. देवाने एलीयाला कसं सांभाळलं

कर्मेल डोंगरावर एलीयाचा मोठा विजय झाला. लगेच ईजबेलीची धमकी आली आणि तो जीव घेऊन पळाला. बैर-शेब्यात सेवकाला सोडलं, एकटाच रानात गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. एवढा मोठा संदेष्टा! आज आपल्यापैकी कुणी असं बोललं तर आपण काय म्हणू? "ब्रदर, विश्वास कुठे गेला तुमचा?"

देव काय करतो ते क्रमाने पाहा.

पहिलं, त्याला झोपू देतो. दूत येतो तो भाकर आणि पाणी घेऊन. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला घालतो आणि पुढची वाट लांब आहे हे मान्य करतो. इथवर एकही प्रवचन नाही. शरीराची आधी काळजी. आजचा कुठलाही शिकलेला काउन्सेलर पहिल्या भेटीत झोप किती, जेवण कसं, हे विचारतोच.

दुसरं, होरेबाच्या गुहेत देव त्याला तिथे येण्याचं कारण विचारतो. देवाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण एलीयाने ते स्वतःच्या तोंडाने सांगणं गरजेचं होतं. एलीया आपली सगळी तक्रार मांडतो. मग वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी तो मंद स्वर. त्यानंतर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच उत्तर पुन्हा देतो (वचन १० आणि १४ शेजारी ठेवून वाचा). देव त्याला मध्येच तोडत नाही, "हे तू मघाशीच सांगितलंस" असंही म्हणत नाही. दुखावलेला माणूस तीच गोष्ट दहादा सांगतो. ती अकराव्यांदा ऐकायला ताकद लागते.

तिसरं, शेवटी देव काम देतो, सोबतीला अलीशा देतो, आणि आपण एकटेच उरलोय हा एलीयाचा समज दुरुस्त करतो: सात हजार अजून आहेत. दुरुस्ती आहेच, पण ती सर्वांत शेवटी आली. झोप, अन्न, प्रवास आणि दोनदा ऐकून घेणं, एवढं झाल्यावर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तिकीट उघडलं की सोल्यूशन टाकायची सवय असते. या अध्यायात देवाला कसलीच घाई नाही.

३. मग पदवी कशाला? बायबल आणि प्रार्थना पुरे नाहीत का?

हा आक्षेप मंडळीतून हमखास येतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. ईयोबाचे मित्र आठवा. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. पवित्र शास्त्रातली ही सांत्वनाची फार सुंदर भेट आहे. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि पुढच्या अनेक अध्यायांत त्याला घायाळ केलं. त्यांना देवाविषयी माहिती कमी नव्हती, प्रेमही होतं. पण समोरच्याचं दुःख सहन होईना म्हणून त्यांनी घाईने कारण शोधलं: तुझंच काही पाप असेल. शेवटी देव त्यांच्यावर रागावला (ईयोब ४२:७).

प्रेम आणि माहिती असूनही माणूस जखम करू शकतो. प्रशिक्षण इथे कामाला येतं. समोरच्याच्या मनात जीव देण्याचा विचार आहे का, हे सरळ आणि शांतपणे कसं विचारायचं? साधं दुःख आणि उपचार लागणारं नैराश्य यांतला फरक कसा ओळखायचा? आवाज ऐकू येतात म्हणणाऱ्याला मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचं? आणि आपल्याच जुन्या जखमा समोरच्याच्या गोष्टीत मिसळतात, ते कसं ओळखायचं? चांगल्या अभ्यासक्रमात यासाठी प्रत्यक्ष केसेस असतात आणि त्यांवर अनुभवी व्यक्तीची देखरेख असते. आपण काय बोललो, का बोललो, हे दर आठवड्याला कुणासमोर तरी मांडावं लागतं. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो तसंच, फक्त इथे पणाला लागलेला असतो माणूस.

आणि हो, मानसशास्त्र आणि विश्वास एकमेकांचे वैरी आहेत असं समजू नका. समोरच्याला मनापासून स्वीकारून ऐकण्याची पद्धत ज्यांनी रुजवली ते कार्ल रॉजर्स आधी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकत होते. अँटन बॉइसन नावाचे पाळक स्वतः मानसिक आजाराने रुग्णालयात राहून आले होते. त्यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वुस्टरच्या मनोरुग्णालयात थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना शिकायला आणलं. पुस्तकं वाचता तसं माणसं वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. हॉस्पिटलमध्ये पाळकीय सेवेचं जे प्रशिक्षण आज जगभर दिलं जातं, त्याची मुळं तिथे आहेत.

४. आपल्या मातीतला धागा

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर मुंबईला या. १९३६ मध्ये नागपाड्यात एक पदव्युत्तर शाळा सुरू झाली: सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. पैसा टाटा ट्रस्टचा. पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट, अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. त्यांनी नागपाड्याच्या गरीब वस्तीत नेबरहूड हाऊस उभं केलं होतं आणि या शाळेचे पहिले वर्ग तिथेच भरले. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, या शाळेने मुलांच्या मानसिक अडचणींसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक सुरू केलं, भारतातलं पहिलं. हीच शाळा आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते.

यात शिकण्यासारखं काय? मराठी मिशनचा एक माणूस कामाला लागला आणि त्यातून सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक प्रशिक्षण उभं राहिलं. त्याला लोकांची सेवा नीट शिकून करायची होती. आणि गंमत बघा, याच संस्थेची ग्रामीण शाखा १९८६ पासून तुळजापुरात आहे, म्हणजे आमच्या ईटच्याच जिल्ह्यात. तिथला भर ग्रामीण विकास आणि समाजकार्यावर आहे. नागपाड्यातून निघालेली वाट आपल्या शिवारापर्यंत पोचलेली आहे.

५. ईटमध्ये तुमच्याकडे कोण येईल?

पदवीचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर काचेचं केबिन, दोन खुर्च्या आणि एक कुंडी येते. जरा ईटचा विचार करा. खव्यासाठी नावाजलेला भूम तालुका, पण पाऊस बेभरवशाचा. सोयाबीन हातचं गेलं की सोसायटीचं कर्ज, खाजगी सावकार आणि मुलीचं लग्न, सगळं एकदम अंगावर येतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या आपल्याला बातम्यांतून माहीत आहेत. गावात त्या आडनावानिशी माहीत असतात.

तिथला माणूस "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "डोकं जड झालंय", "जीव लागंना कशात", "अन्न गोड लागंना", "काळजात धडधडतंय". बाई म्हणते, "अंगात त्राणच नाही." तुमची पाठ्यपुस्तकं इंग्रजीत असतील आणि परीक्षाही बहुधा इंग्रजीत. पण ही वाक्यं ओळखता आली नाहीत तर डिस्टिंक्शन मिळूनही उपयोग नाही. गावाकडून आलेल्या मुलामुलींनो, तुमची बोली हे इथे तुमचं मोठं भांडवल आहे. ती शहरात पुसून टाकू नका.

शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला, आपला जिल्हा त्यात आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणाखाली असलेली माणसं ओळखायची आणि त्यांना समुपदेशनापर्यंत पोचवायचं, अशी त्याची रचना. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस आहे, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. म्हणजे दारं आहेत. दारापर्यंत हात धरून नेणारी माणसं कमी आहेत.

कायदाही बदललाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी ठरते. ते वाचलं की मला रतामाचं झुडूप आठवतं. मरण मागणाऱ्याला देवाने शिक्षा केली नव्हती, भाकर दिली होती.

६. दोन कसोट्या, खास आपल्यासाठी

पहिली कसोटी गुप्ततेची. आपल्या मंडळीत एखाद्याचं गुपित कसं फुटतं माहीत आहे ना? "प्रार्थनेचा विषय" म्हणून! शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत कुणीतरी म्हणतं, "अमक्या बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करू या," आणि रविवारपर्यंत सगळ्यांना ठाऊक. काउन्सेलरने ऐकलेलं पाळकसाहेबांनाही सांगायचं नसतं, घरच्यांनाही नाही. अपवाद जीवाला धोका असेल तेव्हाचा, आणि तोही समोरच्याला आधी समजावून सांगितलेला असतो. तोंड मिटून प्रार्थना करता येत नसेल, तर फॉर्म भरायच्या आधी ते शिका.

दुसरी कसोटी धर्माची. ईटमध्ये तुमच्याकडे येणारी बहुतेक माणसं विठ्ठलाची, तुळजाभवानीची भक्त असतील. खचलेल्या माणसाच्या कमजोर क्षणाचा फायदा घेऊन आपला विश्वास त्याच्यावर लादणं व्यवसायाच्या नीतीत बसत नाही, आणि लूक १० मध्येही बसत नाही. शोमरोनी माणसाने जखमीला कुठला धर्म, कुठली जात, काही विचारलं नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं. आणि पुढे काय? दुसऱ्या दिवशी त्याला उतारशाळेच्या मालकाच्या हवाली केलं, खर्च दिला, परत येईन म्हणाला. आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तेव्हा योग्य हातात सोपवणं आणि तरी संबंध न तोडणं, हे सगळं त्या दोन वचनांत आहे. विश्वासाबद्दल त्याने स्वतःहून विचारलं तर प्रामाणिकपणे सांगा. तोवर तुमचं ऐकणं हीच तुमची साक्ष.

७. बुरुज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब (लूक १४:२८)

आता व्यवहाराचं बोलू. वाटा साधारण तीन आहेत.

*मानसशास्त्र किंवा काउन्सेलिंगचं एम.ए.* साधारण दोन वर्षं. काही विद्यापीठं कुठल्याही पदवीधराला घेतात, काहींना बी.ए. मानसशास्त्र लागतं. इंजिनिअर मंडळींनी पात्रता आधी तपासावी. प्रत्यक्ष केसवर्क किती तास आणि देखरेख कुणाची, हे फीच्या आधी विचारा. एक महत्त्वाचं: नोकरी सांभाळून डिस्टन्समधून एम.ए. करू, असा बेत असेल तर थांबा. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे.

*समाजकार्य, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.* व्यक्तीसोबत कुटुंब, कर्ज, शासकीय योजना हे सगळं पाहायला शिकवतं. ईटसारख्या गावात काम करायचं असेल तर ही वाट दुय्यम मानू नका.

*थिऑलॉजीतून पाळकीय समुपदेशन.* पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीत आली. सेरामपूरच्या व्यवस्थेत आधी बी.डी. आणि मग समुपदेशनाच्या शाखेत एम.टीएच. करता येतं. मंडळीत आणि हॉस्पिटलच्या चॅपलिनसीत सेवा करायची असेल तर ही वाट चांगली. पण या पदवीने तुम्ही मानसोपचाराचे व्यावसायिक ठरत नाही, हे आजच लक्षात घ्या.

कुठल्याही वाटेने गेलात तरी, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला वेगळं प्रशिक्षण आणि आर.सी.आय. म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या एम.ए.वर ती पाटी लावता येत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने समुपदेशकांसारखे व्यवसायही केंद्रीय चौकटीत आणले आहेत, त्यामुळे प्रवेश घेताना या कायद्याखाली अभ्यासक्रमाचं स्थान काय, हे जरूर विचारा. आठ दिवसांचा कोर्स करून नावापुढे 'ख्रिस्ती समुपदेशक' लावणाऱ्यांची नक्कल करू नका. सत्य बोलणं पाटीवरच्या अक्षरांपासून सुरू होतं.

आणि पैसा. पदवीनंतर सुरुवातीचा पगार आयटीच्या जवळपासही नसेल, असं धरूनच चाला. लग्न झालेलं असेल तर हा निर्णय दोघांचा. प्रभूचं बोलावणं असेल तर ते जोडीदारालाही ऐकू यायला वेळ द्या. मी स्वतः सध्या राजीनामा लिहीत नाहीये. हप्त्याचा हिशेब मांडलाय, आणि पुढच्या एका वर्षात नोकरी सांभाळून एखाद्या हेल्पलाइनवर प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवा करायची ठरवलंय. वर्षानंतरही दुसऱ्याचं अकराव्यांदा ऐकण्याची ओढ टिकली तर फॉर्म भरीन. तुमचा हिशेब वेगळा असू शकतो. तो मांडा मात्र जरूर.

आज स्वतःला विचारा

• लोक माझ्याकडे येतात ते मी ऐकतो म्हणून, की मी उत्तरं देतो म्हणून?
• माझ्याजवळ सांगितलेली एखादी गोष्ट गेल्या वर्षभरात माझ्याकडून कुठे गेली का?
• मला स्वतःला गरज पडली तर मी काउन्सेलरकडे जाईन का? की ते फक्त 'दुसऱ्यांसाठी' आहे?

आजचा छोटा अभ्यास

आज एका माणसाचं दहा मिनिटं ऐका. वचन सांगू नका, सल्ला देऊ नका, स्वतःचा अनुभव मध्ये आणू नका. फक्त, "मग पुढे काय झालं?" एवढंच विचारा. आपण तोंड उघडायला किती वेळा धावलो, ते रात्री प्रभूला सांगा.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी आज स्वतःच रतामाच्या झुडपाखाली बसलं असेल, तर तुझ्यासाठी हा अभ्यास नाही. आधी काही खा. घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला आत्ता सांग. १४४१६ ला फोन लाव. देव तुझ्यावर रागावलेला नाही.

प्रार्थना

प्रभू येशू, तू आमचा कैवारी आहेस. आम्हांला बोलण्याआधी ऐकायला शिकव. ज्यांना तू या सेवेसाठी बोलावतोस त्यांना नीट शिकण्याची नम्रता दे, फीची सोय कर, घरच्यांचं मन तयार कर. ईटसारख्या गावांत जी माणसं आज रात्री जागी आहेत, त्यांच्या शेजारी कुणाला तरी पाठव. आणि पाठवायचं आम्हांलाच असेल, तर आम्ही तयार असू दे. आमेन.